मिलिसेकंदाची किंमत आणि तत्काळचे तिकीट

जून २०२५च्या पहिल्या आठवड्यात रेल्वे मंत्रालयाने एक पत्रक काढले. त्यातला एक आकडा सर्वत्र गाजला : आयआरसीटीसीवरील अडीच कोटी संशयास्पद खाती बंद. त्याच पत्रकात विज्ञानाच्या विद्यार्थ्याने थांबून वाचावेत असे आणखी तीन आकडे होते. तत्काळ आरक्षण उघडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉग-इनच्या एकूण प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न माणसांचे नसून बॉटचे, म्हणजे स्वयंचलित प्रोग्रामचे, असतात. संकेतस्थळावरचा ८७ टक्के स्थिर आशय आता आयआरसीटीसीच्या मूळ सर्व्हरवरून न येता सीडीएनमार्फत, म्हणजे देशभर पसरलेल्या आशय-वितरणाच्या जाळ्यातून, प्रवाशापर्यंत पोहोचतो. आणि २२ मे २०२५ रोजी सकाळी दहा वाजता एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे आरक्षित झाली; या प्रणालीवरचा तो तोवरचा उच्चांक होता.

ऑनलाइन विक्री करणारी प्रत्येक मोठी संस्था आज ना उद्या याच वाटेने जाते. आपल्या इमारतीत सर्व्हर बाळगायचे सोडून ती आपले दालन क्लाउडच्या सीमेवर नेते : चित्रे आणि पाने ग्राहकाच्या जवळ ठेवली जातात, आणि दारावर एक पहारेकरी बसवला जातो. रेल्वेने हे केले ते योग्यच केले, आणि थोडे आधी केले असते तर अधिक बरे झाले असते, असे माझे मत आहे. पण या स्थलांतरात अंतर, गर्दी आणि टंचाई असे तीन निराळे प्रश्न एकत्र गुंडाळले गेले आहेत. पहिला या उपायाने जवळजवळ पूर्ण सुटतो, दुसरा बराचसा सुटतो, आणि तिसऱ्याला तो स्पर्शही करत नाही. बॉट मात्र तिसऱ्यातूनच जन्म घेतात.

अंतराच्या प्रश्नापासून आरंभ करू, कारण तो शुद्ध पदार्थविज्ञानाचा आहे. निर्वातात प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. आंतरजालाचा प्रकाश मात्र काचेच्या तंतूतून धावतो, आणि तिचा अपवर्तनांक १.४७च्या आसपास असल्यामुळे तेथे त्याचा वेग दोन लाखांच्या थोडा वर राहतो. म्हणजे दर हजार किलोमीटरला पाच मिलिसेकंद, आणि जाऊन-येऊन दहा. दिब्रुगढ ते दिल्ली हे सरळ रेषेतले अंतर सुमारे १,७०० किलोमीटर आहे. तेथील प्रवाशाचा निरोप दिल्लीतल्या सर्व्हरला पोहोचून उत्तर परत यायला किमान १७ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात तंतू रस्त्यांच्या, रुळांच्या आणि पुलांच्या कडेने वळणे घेत जातो, वाटेत राउटर लागतात, आणि ही फेरी दुप्पट लांबते. कोणत्याही अभियंत्याला, कितीही पगार दिला तरी, या किमान मर्यादेखाली जाता येत नाही. मध्यभागी पोकळ असलेल्या नव्या तंतूंवर गेली काही वर्षे उत्तम काम चालले आहे, आणि त्यांत प्रकाश जवळजवळ निर्वातातल्या वेगाने जातो. तरी लाभ फार तर दीडपट. निसर्गाने त्यापलीकडचे दार बंद ठेवले आहे.

सतरा किंवा चाळीस मिलिसेकंदांचे एवढे काय, असे कोणी विचारील. अडचण अशी की पान उघडायला एक फेरी पुरत नाही. आधी दोन यंत्रांची ओळख पटण्यासाठी एक फेरी, मग कूटबद्ध संभाषणाच्या किल्ल्या ठरवण्यासाठी किमान एक, मग प्रत्यक्ष मागणीची एक. त्यानंतरही सर्व्हर सगळा माल एकदम पाठवत नाही. वाट किती रुंद आहे हे त्याला ठाऊक नसते, म्हणून तो आधी दहा पाकिटे पाठवतो, सुमारे साडेचौदा किलोबाइट. पोच मिळाली की वीस, मग चाळीस, मग ऐंशी. एक मेगाबाइटचे पान म्हणजे साधारण ६८५ पाकिटे. विद्यार्थ्यांनी बेरीज करून पाहावी : दहापासून दुप्पट होत जाणाऱ्या या मालिकेला ६८५ ओलांडायला सात फेऱ्या लागतात. सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल आणि एका फेरीला २०० मिलिसेकंद लागत असतील, तर या सात फेऱ्यांतच १.४ सेकंद गेले. सर्व्हर शहरातच असेल आणि फेरीला दहा मिलिसेकंद लागत असतील, तर तेच काम ०.०७ सेकंदात होते. दोन्हीकडे घरातले कनेक्शन तेच, त्याचा मासिक हप्ताही तोच. ‘नेट स्लो आहे’ म्हणून आपण ज्या गोष्टीला शिव्या देतो ती पुष्कळदा नेटची गती नसून फेऱ्यांची संख्या असते.

तेव्हा उपाय एकच उरतो : माल ग्राहकाच्या जवळ नेऊन ठेवणे. १९९५च्या सुमारास वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी एमआयटीतील सहकाऱ्यांपुढे हा प्रश्न मांडला. वेबवरची गर्दी लवकरच असह्य होणार. तिच्यावर मुळातूनच निराळा उपाय शोधता येईल का? गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी तो मनावर घेतला. १९९७ साली ‘कन्सिस्टंट हॅशिंग’ या पद्धतीवरचा शोधनिबंध आला (लेखकांत रीना पाणिग्रही हेही एक नाव आहे), आणि १९९८ साली त्यातून अकामाई ही कंपनी निघाली. लेविन ११ सप्टेंबर २००१ रोजी अपहृत विमानात मारले गेले. त्याच दिवशी बातम्यांच्या संकेतस्थळांवर लोटलेला जनसागर पेलण्यात त्यांच्याच जाळ्याचा मोठा वाटा होता. आपल्या संसदेत तत्काळच्या गैरप्रकारांवर दिलेल्या लेखी उत्तरात बॉट रोखणाऱ्या प्रणालींचे उदाहरण म्हणून याच अकामाईचे नाव आले आहे.

त्या निबंधातली कल्पना पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला समजेल इतकी सोपी आहे, आणि तरीही सुंदर आहे. लाखो चित्रे दहा सर्व्हरवर वाटायची आहेत. साधा मार्ग असा, की प्रत्येक चित्राला एक क्रमांक द्यावा, त्याला दहाने भागावे आणि उरेल त्या बाकीच्या सर्व्हरवर ते ठेवावे. एक सर्व्हर बंद पडला की भाजक नऊ होतो. दहाने आणि नऊने भागल्यावर बाकी तीच राहील असे क्रमांक शून्यापासून एकोणनव्वदपर्यंत फक्त नऊच सापडतात. म्हणजे एक सर्व्हर पडला तर ९० टक्के चित्रांचा पत्ता बदलतो आणि सगळी गर्दी पुन्हा मूळ सर्व्हरवर कोसळते. कन्सिस्टंट हॅशिंगमध्ये चित्रे आणि सर्व्हर दोघांनाही एका वर्तुळावर जागा दिली जाते, आणि प्रत्येक चित्र वर्तुळावर पुढे भेटणाऱ्या पहिल्या सर्व्हरकडे जाते. आता एक सर्व्हर पडला तर सरासरीने फक्त त्याच्या वाट्याची दहा टक्के चित्रे हलतात, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. अब्जावधी डॉलरांचा उद्योग ज्या पायावर उभा राहिला त्यात हा विचारही आहे. आपल्याकडे या विषयाला ‘आयटीचे काम’ म्हणून बाजूला सारण्याची जी सवय आहे, ती विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तरी सोडावी.

आता गर्दी. डॅनिश गणिती एर्लांग यांनी कोपनहेगनच्या टेलिफोन केंद्रासाठी १९०९ साली रांगेचे गणित मांडायला सुरुवात केली. त्या परंपरेतल्या सर्वांत साध्या प्रारूपाचा निष्कर्ष असा, की सर्व्हर जितका गुंतलेला तितका प्रतीक्षेचा काळ वाढतो, पण सरळ प्रमाणात नव्हे. सर्व्हर ५० टक्के गुंतलेला असेल तर एका कामाला मोकळ्या सर्व्हरच्या तुलनेत दुप्पट वेळ लागतो. ९० टक्क्यांना दसपट. ९९ टक्क्यांना शंभरपट. सगळा अनर्थ त्या शेवटच्या दहा टक्क्यांत घडतो. याची उलट बाजू सुखद आहे. ९९ टक्के गुंतलेल्या सर्व्हरचा निम्मा भार उतरवला, तर वेळ निम्मा होत नाही. शंभरपटीवरून जवळजवळ दुपटीवर येतो, म्हणजे पन्नासावा भाग. स्थिर चित्रे आणि पाने जाळ्याकडे सोपवणे आणि निम्मे बॉट दारातच अडवणे यांचा परिणाम एवढा ठळक का दिसतो, त्याचे उत्तर या सूत्रात आहे. अर्थात हे प्रारूप मागण्या आपापल्या वेळी, विखुरलेल्या येतात असे धरते. तत्काळला सगळा देश दहाच्या ठोक्याला एकदम दार ठोठावतो. तेथे वास्तव सूत्राहून कठोर असते.

इथवर रेल्वेच्या निर्णयाची बाजू भक्कम आहे. अडचण पुढे आहे.

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक पाहत होते, आणि प्रणाली टिकली. त्याच्या नऊ वर्षे आधी, ६ ऑक्टोबर २०१४ रोजी, फ्लिपकार्टचा पहिला ‘बिग बिलियन डे’ कोलमडला होता. दुसऱ्या दिवशी संस्थापकांनी ग्राहकांना पाठवलेल्या माफीपत्रात म्हटले होते, की सुमारे पाच हजार सर्व्हर लावले होते आणि वीसपट गर्दीची तयारी केली होती, तरी ती अपुरी पडली. या दोन घटनांतला फरक केवळ नऊ वर्षांच्या प्रगतीचा आहे असे समजणे चूक ठरेल. सामना सर्वांसाठी एकच असतो. तोच चेंडू, तोच षटकार, त्याच्या कोट्यवधी प्रती काढा आणि गावोगावी ठेवा. दुकानाचे तसे नाही. टीव्हीचे छायाचित्र सर्वांसाठी एक आहे, पण ‘शेवटचे तीन नग शिल्लक’ ही ओळ क्षणोक्षणी बदलते. म्हणूनच त्या माफीपत्रात मंदपणाखेरीज माल संपल्याच्या, ऑर्डर रद्द झाल्याच्या आणि किमती बदलल्याच्या तक्रारींची दखल घ्यावी लागली. त्या तक्रारी सर्व्हर कमी पडल्याने तेवढ्या आल्या नव्हत्या. मागणाऱ्यांच्या मानाने माल कमी होता.

रेल्वेच्या बर्थचे तर याहून अवघड. एस-५ डब्यातली २३ क्रमांकाची बर्थ ही जगात एकच वस्तू आहे. तिची नोंद मुंबईत एक, चेन्नईत एक आणि गुवाहाटीत एक अशा स्वतंत्र प्रतींत ठेवली, तर तीन माणसांना तीच बर्थ विकली जाईल. ‘ही बर्थ आता कोणाची’ या प्रश्नाला एकाच जागी, एकाच क्रमाने उत्तर द्यावे लागते. म्हणून जाळे कितीही पसरले तरी अखेरची मागणी सीमेवरच्या सर्व्हरला ओलांडून मूळ नोंदवहीपर्यंत जाते. ८७ टक्के स्थिर आशय जवळ आला. उरलेल्या भागात खरा व्यवहार आहे, आणि तो जिथे होता तिथेच आहे.

आता त्या उच्चांकाकडे पुन्हा पाहू. मिनिटाला ३१,८१४ तिकिटे म्हणजे दर १.९ मिलिसेकंदाला एक. माणसाची पापणी लवायला साधारण ३०० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात दीडशेहून अधिक तिकिटे गेली. ही सगळी तत्काळची नव्हेत आणि ती अनेक गाड्यांत विभागलेली आहेत, हे मान्य. पण सणासुदीला बिहारकडे जाणाऱ्या एखाद्या गाडीत तत्काळच्या मोजक्या बर्थ असतात आणि मागणारे हजारो. तेथे ‘प्रथम येईल त्यास प्रथम’ हा नियम न्याय्य वाटतो तो केवळ जुन्या सवयीमुळे. खिडकीवरच्या रांगेत पहाटे चारला येऊन उभा राहणारा आपल्या निकडीची काही किंमत मोजत असे. मिलिसेकंदांच्या रांगेत निकड मोजली जातच नाही; मोजले जाते ते नोंदवहीपासूनचे अंतर, फोनचे वय आणि बोटांचा वेग. प्रवाशांची नावे भरून, पैसे भरून बाहेर पडायला चपळ माणसालाही अर्धा मिनिट लागतो. प्रोग्राम तेच काम डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी उरकतो. जेथे एका मिलिसेकंदाला पैसे मिळतात तेथे यंत्र येणारच. तो कोणाच्या नीतीचा प्रश्न नाही, नियमातून निघणारा परिणाम आहे.

म्हणून पहारेकरी बसवावा लागला. तो काय करतो, हे विद्यार्थी वाचकांनी नीट समजून घ्यावे. बॉटच्या कपाळावर शिक्का नसतो. मागणी कोणत्या पत्त्यावरून आली, किती वेगाने आली, ब्राउझरने संभाषण सुरू करताना कोणती पद्धत वापरली, पडद्यावर बोट कसे फिरले, अशा खुणांवरून पहारेकरी एक संभाव्यता काढतो आणि एका मर्यादेपलीकडे दार लावतो. अशा प्रत्येक कसोटीच्या दोन चुका असतात : बॉटला माणूस समजणे आणि माणसाला बॉट समजणे. अडीच कोटी खाती बंद केली हा आकडा जाहीर झाला. पुढे संसदेत तो तीन कोटींवर गेल्याचे सांगण्यात आले. बंद झालेल्यांत किती माणसे होती, हा आकडा पत्रकात नव्हता. प्रयोगशाळेत कोणी नव्या चाचणीचे निष्कर्ष असे अर्धे मांडले तर आपण त्याला परत पाठवू.

एक काल्पनिक हिशेब करू. समजा पहारेकरी उत्कृष्ट आहे : १०० पैकी ९९ बॉट पकडतो आणि १०० पैकी एकाच माणसाला चुकून अडवतो. तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत एक लाख प्रयत्न आले, निम्मे बॉटचे. त्याने ४९,५०० बॉट अडवले आणि ५०० माणसे. अडवलेल्यांत माणूस शंभरात एक. छान. आता तोच पहारेकरी, तीच मर्यादा ठेवून, दुपारी तीन वाजता उभा आहे. तेव्हा एक लाख प्रयत्नांत बॉट फक्त एक हजार आहेत. तो ९९० बॉट पकडतो, आणि ९९,००० माणसांपैकी ९९० जणांनाही अडवतो. अडवलेल्यांत आता निम्मी माणसे आहेत. पहारेकरी बदललेला नाही, फक्त समोरची गर्दी बदलली. कसोटीची अचूकता एका आकड्यात सांगता येत नाही, हे बेजच्या सिद्धांताने आपल्याला कधीचेच शिकवले आहे. दुकानदाराला मात्र विक्रेता कंपनी एकच आकडा सांगते.

शिवाय ही चूक सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. आंतरजालाचे जुने, चौथ्या आवृत्तीचे पत्ते एकूण ४२९ कोटी. जगाची लोकसंख्या आठशे कोटींहून अधिक. भारतात इंटरनेट उशिरा आणि एकदम पसरले, तोवर पत्त्यांचा साठा संपत आला होता. त्यामुळे मोबाइल कंपन्या शेकडो, प्रसंगी हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यांचा प्रसार आपल्याकडे चांगला झाला आहे, तरी जुनी वाट अजून बंद झालेली नाही. दूरच्या पहारेकऱ्याला अशा एका पत्त्यावरून मिनिटात पाचशे मागण्या येताना दिसल्या की तो सावध होतो. त्याला कसे कळावे, की ते वसतिगृह आहे आणि उद्यापासून दिवाळीची सुटी आहे? स्वतःचा वेगळा पत्ता असलेला बंगला बिनबोभाट आत जातो. एका वाय-फायवर तीनशे मुले असलेल्या वसतिगृहाला वेडीवाकडी अक्षरे ओळखायला सांगितले जाते. दृष्टिहीन प्रवाशाला, जो पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या आधारे फॉर्म भरतो, ही परीक्षा आणखी निराळी. दहा वाजून एका मिनिटाने ती उत्तीर्ण होऊन उपयोग काय?

जेथे सरकारी किंवा अर्धसरकारी सेवा असा पहारा बसवते, तेथे चुकीने अडवलेल्यांचे प्रमाण ठरावीक काळाने जाहीर झाले पाहिजे, आणि खाते बंद झालेल्याला दाद मागण्याची सोपी जागा हवी. ही मागणी महाग नाही. ठरावीक नमुना घेऊन, अडवलेल्यांपैकी काहींची माणसाकडून फेरतपासणी करून हे प्रमाण काढता येते. सांख्यिकीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला देता येईल असा प्रकल्प आहे तो.

पहारेकऱ्याच्या हाती आणखी एक गोष्ट जाते, जिच्याविषयी दुकानदार सहसा बोलत नाहीत. कूटबद्ध संभाषण सीमेवरच्या सर्व्हरपाशी उलगडावे लागते. नाहीतर तो चित्र देणार कसे आणि बॉट ओळखणार कसा? म्हणजे पडद्यावर कुलुपाची खूण दिसत असली तरी ते कुलूप आपल्यात आणि दुकानात नसते, आपल्यात आणि मध्यस्थात असते. मध्यस्थापाशी क्षणभर पासवर्डही उघडा असतो, ओटीपीही. मूळ गुप्त किल्ली दुकानदाराच्याच ताब्यात ठेवण्याच्या पद्धती आहेत, पण त्यांतही मजकूर मध्यस्थापाशी उलगडतोच. या कंपन्या गैरवापर करतात असे मला मुळीच सुचवायचे नाही. त्यांचा सगळा धंदा विश्वासावर चालतो. पण चित्रे आणि वेळापत्रक मध्यस्थामार्फत, आणि आधारचा ओटीपी व पैशांचा व्यवहार थेट मूळ सर्व्हरशी, अशी विभागणी करता येते. ती केली आहे की नाही हे प्रवाशाला कळण्याचा हक्क आहे.

आणि मध्यस्थ पडला तर? ८ जून २०२१ रोजी फास्टली या कंपनीच्या एका ग्राहकाने आपल्या मांडणीत अगदी नियमानुसार बदल केला, त्याने एक सुप्त दोष जागा झाला, आणि जाळ्याचा ८५ टक्के भाग त्रुटींचे संदेश देऊ लागला. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअरची सेवा काही तास विस्कळीत झाली. त्याचे कारण आपल्या विषयाला अगदी जवळचे आहे : बॉट ओळखणाऱ्या प्रणालीसाठी नियमितपणे तयार होणारी एक फाइल डेटाबेसच्या परवानग्यांतील बदलामुळे दुप्पट झाली, आणि ती वाचणारा प्रोग्राम कोसळला. पहारेकऱ्याच्या वहीनेच दार बंद केले. पुढे ५ डिसेंबरला पुन्हा सुमारे पंचवीस मिनिटांचा खंड पडला, आणि तो आपल्याकडे भर दुपारी, शेअर बाजार सुरू असताना, पडला; मोठ्या दलालांची ॲप्स त्यात अडकली. यावरून ‘आपलेच सर्व्हर बरे’ असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. सेकंदाला वीस टेराबिटांहून मोठे हल्ले २०२५मध्ये नोंदवले गेले आहेत; एकट्या इमारतीतला कोणताही सर्व्हर त्यापुढे टिकत नाही, तो लोंढा जगभर पसरलेल्या जाळ्यातच जिरवता येतो. तेव्हा जाळे हवेच. मात्र नावाचा पत्ता सांगणारी प्रणाली त्याच कंपनीकडे असू नये, आणि मध्यस्थाला वगळून साधे, चित्रांविना पान दाखवण्याची वाट दुकानाने स्वतः राखून ठेवावी, तिचा वर्षातून एक-दोनदा सरावही करावा.

हे सगळे केले तरी मूळ प्रश्न राहतोच. पहारेकरी हुशार झाला की बॉटही हुशार होतात, आणि जोवर मिलिसेकंदाला किंमत आहे तोवर ही शर्यत थांबणार नाही. १ जुलै २०२५पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधारने प्रमाणित खाते सक्तीचे झाले, १५ जुलैपासून आधारशी जोडलेला ओटीपी आला, दलालांना पहिला अर्धा तास बंदी झाली. ही सगळी नव्या भिंतीवरची नवी काच आहे. मला वाटते, भिंत वाढवण्याऐवजी मिलिसेकंदाची किंमतच शून्य करावी. दहा ते दहा-पाच या वेळात आलेल्या सगळ्या मागण्या गोळा कराव्यात, त्यांच्या वेळेच्या नोंदीला काहीही महत्त्व देऊ नये, आणि दहा-पाचला सोडत काढावी. पहिल्या मिलिसेकंदाला आलेली मागणी आणि चौथ्या मिनिटाला आलेली मागणी समान. बॉटच्या वेगाला मग विकत घेणारा कोणी उरत नाही. ओघाने, दहाच्या ठोक्याची ती जीवघेणी लाट पाच मिनिटांवर पसरते आणि एर्लांगची रांगही सुसह्य होते.

कल्पना माझी नाही. शेअर बाजारातल्या अतिवेगवान व्यवहारांवर एरिक बुडिश, पीटर क्रॅमटन आणि जॉन शिम या अर्थतज्ज्ञांनी २०१५ साली हाच उपाय सुचवला होता : व्यवहार अखंड न चालवता थोड्या थोड्या अंतराने एकगठ्ठा करा, म्हणजे वेगाची शर्यत निरर्थक होते. सोडत तर आपल्या अंगवळणी पडलेली आहे. गाजलेल्या आयपीओमध्ये किरकोळ गुंतवणूकदारांना समभाग सोडतीने मिळतात, कैलास-मानसरोवरचे यात्रेकरू संगणकीय सोडतीने निवडले जातात, आणि म्हाडाच्या घरांच्या सोडतीविषयी मराठी वाचकाला मी काय सांगावे! मर्यादित संख्येने फोन विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांनाही हाच मार्ग खुला आहे. त्यांची त्याकडे ओढ कमी असावी, कारण ‘सात सेकंदांत माल संपला’ ही त्यांची जाहिरात असते. रेल्वेला अशा जाहिरातीची गरज नाही.

आक्षेप येतील. वेग निरुपयोगी झाला तर दलाल संख्येकडे वळतील, शेकडो नावांनी चिठ्ठ्या टाकतील. खरे आहे, पण त्यासाठी आधारची जोडणी आधीच केलेली आहे, आणि एका माणसाची एका गाडीला एकच चिठ्ठी हे तपासणे, मागणी करणारे बोट माणसाचे की यंत्राचे हे ओळखण्यापेक्षा पुष्कळ सोपे काम आहे. उसन्या आधारचा काळाबाजार काही प्रमाणात राहील. कुटुंबांचे काय? तत्काळच्या एका तिकिटावर चारच प्रवासी चालतात. ते तिकीट एकच चिठ्ठी धरावी. ज्याला तातडीने जायचे आहे त्याने पाच मिनिटे थांबावे का? आजही तो फिरणारे चक्र पाहत तेवढा वेळ थांबतोच, आणि वर त्याला न्यायाची खात्री नसते.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे : सोडत प्रामाणिक होती हे कोणी मानावे? येथे विज्ञानाकडे चांगले उत्तर आहे. अमेरिकेची मानके ठरवणारी संस्था, निस्ट, दर मिनिटाला ५१२ बिटांची एक यादृच्छिक संख्या जाहीर करते. ती आधी कोणालाही ठाऊक असू शकत नाही आणि नंतर कोणालाही बदलता येत नाही. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतून येते. वेळेच्या त्या ठोक्यासोबत अशी एक संख्याही तेथून प्रसृत करणे हे तेथील शास्त्रज्ञांच्या आवाक्यातले काम आहे. रेल्वेने दहा-पाचच्या आत सर्व मागण्यांच्या सांकेतिक यादीचा ठसा प्रसिद्ध करावा, दहा-सहाची संख्या बीज म्हणून घ्यावी, आणि सोडतीचा प्रोग्राम खुला ठेवावा. मग दिब्रुगढच्या वसतिगृहातली मुलगी आपल्या संगणकावर तोच प्रोग्राम चालवून पाहील, आणि आपला क्रमांक एकशे बारावा का आला हे तिला स्वतः पडताळता येईल.